भाऊ रजेवर यायचा तेव्हा

"माझा भाऊ फौजेत आहे." हे वाक्य मी आजही बसमध्ये, बाजारात, शाळेच्या स्टाफरूममध्ये सहज बोलून जाते. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जरा आदर येतो आणि मग तो हमखास विचारतो, "सध्या कुठं असतात?" तिथं माझी पंचाईत होते. मला माहीत नसतं. जे कळतं ते दुसऱ्यांकडून, तेही उशिरा. मी काहीतरी डोंगराळ भागाचं नाव घेते आणि विषय बदलते.

तो माझ्याहून बराच लहान. आमचं गाव शिरूर तालुक्यात, पाबळच्या पुढं, जिथं विहिरी खोल आणि पाणी कमी. आई-आबा दिवसभर रानात असायचे, म्हणून त्याला कडेवर घेऊन मी शाळेत जायचे. वर्गाच्या कोपऱ्यात पोतं अंथरून त्याला निजवायचं आणि पाढे म्हणता म्हणता एक डोळा त्याच्यावर ठेवायचा. गुरुजी काही बोलायचे नाहीत. त्याला बोलायला आलं तेव्हा पहिला शब्द 'अक्का' आला. आईला त्याचं बरेच दिवस वाईट वाटत होतं.

माझं लग्न दौंडला झालं. आमचे हे रेल्वेत, मी मराठीची शिक्षिका. बारावी झाल्यावर भाऊ आमच्याकडंच राहायला आला. रेल्वे कॉलनीच्या मैदानावर तो रोज भरतीसाठी धावायचा आणि घामानं निथळत दारात येऊन ओरडायचा, "अक्का, भूक लागली." गॅसच्या ओट्याला टेकून उभा राहायचा आणि तव्यावरची भाकरी थेट हातात घ्यायचा. करपलेली कड त्याला आवडायची. तो भरती झाला त्या दिवशी गावात मिरवणूक निघाली, फेटा बांधला, हार घातले. मी पुढं जाऊन त्याला ओवाळलं, तेव्हा त्यानं माझा हात डोक्यावर ठेवून घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढं रजा संपवून परत जाताना त्याची गाडी पुण्याहून दौंडमार्गे मनमाडकडं जायची. त्या काळी दौंडला गाडीचं इंजिन पुढून काढून मागच्या टोकाला जोडायचे, त्यामुळं गाडी निवांत उभी असायची. मी डबा घेऊन फलाटावर थांबायचे. तो डब्याच्या दारात बसून बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायचा, शेजारच्या जवानांनाही द्यायचा, आणि इंजिन लागल्याचा धक्का बसला की तोंडातला घास तसाच ठेवून हात हलवायचा. आता बऱ्याच गाड्या कॉर्ड लाईननं गावाबाहेरूनच वळून जातात. एरवीही डबा घेऊन मी कुणासाठी जाणार होते म्हणा.

वहिनी न्हावऱ्याकडची. लग्न झालं तेव्हा एकवीस-बावीसची असेल. शांत, कामाला वाघ, हसली की तोंडावर पदर घ्यायची. मुलगी झाली तेव्हा भावानं रजा काढली आणि महिनाभर त्या पोरीला खाली ठेवलं नाही. नंतर त्याला क्वार्टर मिळालं तसा त्या दोघींना घेऊन गेला. परराज्यातली छावणी. वहिनी तिथं हिंदी शिकली, पोरगी फौजी शाळेत जायला लागली. मग त्याची बदली सीमेजवळच्या पुढच्या भागात झाली, जिथं कुटुंब नेता येत नाही, आणि माय-लेकी परत गावी आई-आबांकडं आल्या. तो रजेवर आला की गावात उत्साह असायचा. सव्वीस जानेवारीला असला तर शाळेत झेंडावंदनाला त्यालाच बोलवायचे. घरात काय चालतं हे दौंडला मला कळायला मार्ग नव्हता. फोनवर वहिनी म्हणायची, "सगळं बरं हाय वन्सं." आणि ती खालच्या आवाजातच बोलणारी, त्यामुळं वेगळं असं काही वाटायचं नाही.

तो रविवार होता. दुपारची जेवणं झाली होती, हे ड्युटीवर गेले होते. दारात वहिनी उभी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं पोरीला धरलेलं. पोरीचा उजवा हात ओढणीनं गळ्यात बांधला होता. शिरूरहून न्हावरा, तिथून चौफुला, मग दौंड, अशा गाड्या बदलत त्या आल्या होत्या. भाऊ तेव्हा रजेवर गावीच होता.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"पडली," वहिनी म्हणाली.

पोरीनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिला पाणी दिलं तर डाव्या हातानं ग्लास धरून तिनं सगळं पाणी एका दमात संपवलं. मी तिच्या मनगटाला हळूच बोट लावलं तर ती ओरडली नाही, नुसती आक्रसली. सात वर्षांचं पोर दुखल्यावर रडतं. ही रडत नव्हती. मी तशीच चपला घातल्या आणि त्यांना घेऊन दवाखान्यात गेले.

डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. त्यांनी फोटो काढायला लावला, हाड मोडलं होतं. प्लास्टर घालता घालता त्यांनी पोरीलाच विचारलं, "कशी पडलीस गं?"

वहिनी म्हणाली, "ओट्यावरनं."

"तिला सांगू द्या," डॉक्टर म्हणाल्या.

पोरगी प्लास्टरकडं बघत होती. मग म्हणाली, "मम्मीला मारत होते म्हणून मी मधी गेले. पप्पांनी ढकललं."

वहिनीनं पदर तोंडात धरला. डोळ्यांपुढं माझा भाऊ येत होता, पण पोरगी सांगत होती तो मला दिसेना. मैदानावरून धावत आलेला, भाकरी मागणारा तेवढाच दिसत होता.

डॉक्टर बाईंनी आवाज चढवला नाही. पोरीला नर्सबरोबर बाहेर पाठवलं आणि म्हणाल्या, "लहान मुलाला अशी इजा असली की मला पोलिसांना कळवावं लागतं. तुम्हाला अडचणीत आणायला नाही. ही नोंद उद्या तुमच्या उपयोगाची आहे."

"नको ना बाई," वहिनी हात जोडून म्हणाली. "त्यांची नोकरी जाईल. फौजी हायेत ते."

घरी आल्यावर वहिनीनं मला पाठ दाखवली. मी त्याविषयी इथं लिहीत नाही. तिनं सांगितलं ते थोडक्यात असं, की क्वार्टरमध्ये असतानाच सुरुवात झाली होती. आधी दारू पिऊन, मग दारूशिवायही. एखादा आवाज मोठा झाला, भांडं पडलं, पोरगी हट्टाला पेटली, की त्याचं डोकं फिरायचं. नंतर रडायचा, पाया पडायचा. शेजारणींना भिंतीपलीकडून ऐकू जायचं, पण तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांचे नवरे याच्याच पलटणीतले. गावी आल्यावर सासू-सासऱ्यांना कळलं, तर आई म्हणाली, चार दिवस येतो, सांभाळून घे. एकदा ती पोलीस चौकीवर गेली होती. तिथल्या माणसानं तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावलं, "ताई, देशासाठी उभा राहतो तो माणूस. घरचं घरात मिटवा." ती चहा पिऊन परत आली होती.

"मला वाटलं आता तुमच्याकडं जावं," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्या बाजूच्या. पण तुम्ही पोरीला टाकणार न्हाई असं वाटलं."

मी उठून भात टाकला.

कुठं जायचं, कुणाला विचारायचं, हे मला ठाऊक नव्हतं. मुलांना निबंध शिकवणारी बाई मी, कायदा पेपरात वाचलेला. पण पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहायचे, आणि त्यांच्या बायकोशी माझी ओळख होती. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. नवऱ्याबरोबर अर्धा देश फिरलेली बाई, बांगड्या खळखळवत बोलणारी. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वहिनीला घेऊन त्यांच्याकडं गेले.

काकूंनी सगळं ऐकलं. मधे एकदा सुभेदारकाका आत डोकावले तर त्यांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बागेत बसा." मग वहिनीकडं वळल्या.

"पोरी, पहिली गोष्ट. तुझ्या तक्रारीनं त्याची नोकरी जाती, ही भीती आम्हा सगळ्याजणींना घातलेली असती. तसं एका दिवसात काही होत न्हाई. त्याचे साहेब त्याला आधी बोलावतील, विचारतील, समज देतील. दारूसाठी, डोक्यासाठी फौजेचा दवाखाना हाय, तिथं पाठवतील. त्याच्या पगारातला हिस्सा थेट तुझ्या नावावर येऊ शकतो. नोकरी घालवणं लांबची गोष्ट."

"त्यांना साहेबांपुढं मान खाली घालावी लागंल," वहिनी म्हणाली.

"घालू दे. पोरीचा हात गळ्यात हाय."

काकूंनी तिचा हात हातात घेतला आणि मग जे बोलल्या ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "फौजेत प्रत्येक गोष्टीला दार हाय. राशनला दार, दवाखान्याला दार, तक्रारीला दार. बाप्यांना ती पहिल्या दिवशी दाखवतात. बायकांना कुणी दाखवत न्हाई. आपण एकीनं दुसरीला दाखवायची."

त्यांनी दोन दारं दाखवली. एक फौजेचं. पलटणीच्या मुख्य साहेबांना अर्ज करायचा, तिथंच जवानांच्या बायकांसाठी काम करणारा बायकांचा गट असतो, त्यांनाही कळवायचं, आणि जिल्ह्याला सैनिकांच्या कुटुंबांसाठी सरकारी कार्यालय असतं, तिथं जाऊन बसायचं. दुसरं दार बाहेरचं. घरातल्या मारहाणीसाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकारी असतात, त्या कोर्टातून आदेश आणून देतात, की या माणसानं या बाईच्या आणि पोरीच्या अंगाला हात लावायचा नाही. "एकाच दारात बसू नको," काकू म्हणाल्या. "एक बंद झालं तर दुसरं उघडं पाहिजे."

अर्ज आम्ही आमच्या स्वयंपाकघरात लिहिला. वहिनी सांगत होती, मी लिहीत होते, आणि हिंदी काकूंनी सुधारलं. माझ्या भावाचं नाव, हुद्दा, मग त्यानं काय केलं. माझं अक्षर चांगलं आहे असं शाळेत सगळे म्हणतात. त्या दिवशी ते माझं मला परकं वाटलं.

त्याच आठवड्यात तो आला. रजा संपायला थोडेच दिवस राहिले होते. सकाळची वेळ, हे घरीच होते, पण मी त्यांना म्हटलं, मी बघते. जाळीच्या दारापलीकडं तो उभा होता, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. डोळे लाल.

"अक्का, दार उघड. न्यायला आलोय त्यांना."

"त्या येणार न्हाईत."

"तिला सांगू दे."

"तिनंच सांगितलंय मला."

त्यानं जाळीला हात लावला. मला वाटलं आता तो ओढेल. मी कडी धरून उभी राहिले. आत पोरगी पलंगाखाली गेल्याचं मला आवाजावरून कळलं, आणि तो आवाज त्यालाही ऐकू गेला असणार, कारण त्याचा हात खाली आला.

"माझ्या घरातलं हाय हे," तो म्हणाला. "तू मधी पडू नको."

"मधी पोरगी पडली होती. तिचा हात मोडला. आता तिच्या जागी मी हाय."

"तू माझी अक्का हायेस का तिची?"

"तुझीच हाय. म्हणून उभी हाय."

तो पायरीवर बसला. दोन्ही हातांत डोकं धरलं. पाठ तशीच रुंद होती, पण खांदे आत ओढल्यासारखे. तसाच बसून म्हणाला, "पाणी दे."

मी जाळी उघडून तांब्या दिला. तो ओठांना न लावता वरून प्यायला, लहानपणी आबांनी शिकवलं होतं तसा. मग तांब्या पायरीवर ठेवला. मी सांगितलं, "तुझ्या साहेबांना कळवलंय आम्ही. पाठीमागं कळायला नको म्हणून तोंडावर सांगते. दवाखान्यात जा. बरा हो."

तो उठला. माझ्याकडं असं बघितलं की जणू मी कुणी अनोळखी बाई आहे आणि त्यानं चुकीच्या घराचं दार वाजवलंय. मग निघून गेला. कोपऱ्यावर वळताना एकदाही मागं पाहिलं नाही. त्यानंतर तो माझ्या दारात आलेला नाही.

मग काही दिवस आम्ही सगळेच फोनची घंटी वाजली की दचकायचो. शेवटी एका संध्याकाळी पलटणीतून फोन आला, साहेब स्वतः बोलत होते. वहिनीनं फोन स्पीकरवर टाकला, मलाही ऐकू यावं म्हणून.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "बहनजी, बच्ची कैसी है?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. चौकीवर, गावात, सासरी, कुणीही तिला हा प्रश्न आधी विचारला नव्हता. साहेब थांबले. मग म्हणाले, "आप बताइए, आप क्या चाहती हैं?"

ती डोळे पुसून म्हणाली, "साहब, उनकी नौकरी नहीं लेनी मुझे. मार नहीं चाहिए. और बच्ची को डर नहीं चाहिए."

"समझ गया," ते म्हणाले.

सगळं सरळ झालं असं नाही. दवाखान्यातून कळवलं होतं तरी पोलीस नुसती नोंद करून गेले. जिल्ह्याच्या कार्यालयात आम्हाला तीनदा जावं लागलं, एकदा कारकून जेवायला गेला तो आलाच नाही. पण संरक्षण अधिकारी बाई चांगल्या निघाल्या. वहिनीला त्यांनी स्वतःच्या शेजारी बसवलं, समोर नाही, आणि दवाखान्यातली नोंद तिथं खरोखर उपयोगी पडली. कोर्टाचा आदेश झाला. पगारातला हिस्सा वहिनीच्या खात्यावर यायला लागला. पोरीसाठी त्यांनी एक समुपदेशक बाई सुचवल्या. पहिले कितीतरी आठवडे पोरगी त्यांच्याकडं जाऊन नुसती चित्रं काढायची, सगळ्या चित्रांत घर असायचं आणि घराला दार नसायचं. मग एकदा तिनं दार काढलं, आणि त्याला मोठी कडी काढली. ते चित्र तिनं मला दाखवलं. मी छान म्हटलं आणि आत जाऊन तोंड धुतलं.

साहेबांच्या बायकोचाही वहिनीला अधूनमधून फोन यायचा. त्यांच्याकडूनच कळलं की भावाला फौजेच्या दवाखान्यात पाठवलंय. आधी दारूसाठी, मग तिथल्या डॉक्टरांना आणखी काही दिसलं म्हणून मुक्काम वाढला. क्वार्टर मिळायच्या आधी आणि नंतरही पुढच्या भागात त्यानं काय पाहिलं, त्याच्याबरोबरचं कोण गेलं, यातलं त्यानं घरी कधी काही सांगितलं नव्हतं. वहिनी ते ऐकून म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं." थोडं थांबून म्हणाली, "पण म्हणून मार खाल्ला नसता." ती आता अशी बोलायला लागली होती.

गावात माझं नाव खराब झालं. बहिणीनं भावाला साहेबापुढं उभं केलं. पाबळच्या बाजारात आईला बायका विचारायच्या, आणि आई मला फोनवर म्हणायची, "पोटच्यासारखा वाढवलास आन् तूच..." पुढचं ती बोलायची नाही. आबा मात्र एकदा एकटेच दौंडला आले. कांद्याची पिशवी दारात ठेवली, नातीच्या मनगटावरून हात फिरवत बसले. प्लास्टर तेव्हा निघालं होतं. जाताना मला म्हणाले, "मला बी ऐकू येत व्हतं गं तिकडं. मी उठून गोठ्यात जायचो." मी म्हटलं, "आबा, जेवून जा." ते जेवले.

वहिनीनं आमच्याच गल्लीत खोली घेतली. कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली, शिफ्टची बस कॉलनीच्या कोपऱ्यावर थांबते. सेकंड शिफ्ट असली की पोरगी माझ्याकडं असते. ती आमच्याच शाळेत आहे. वर्गात मला बाई म्हणते, घरी आत्या. एखाद्या दिवशी धावत घरी येते, ओट्याला टेकून उभी राहते आणि तव्यावरची भाकरी मागते, तेव्हा मी करपलेल्या कडेची भाकरी तिच्या हातात ठेवते. तिला कुणी तसं शिकवलेलं नाही.

राखीला मी अजून पाकीट पाठवते. पत्ता सुभेदारकाकांकडून मिळतो. पूर्वी राखी पोचली की त्याचा फोन यायचा, सिग्नल नसला तर दोन-तीन दिवसांनी, आणि तो मुद्दाम रागावून म्हणायचा, "अक्का, गोंडा एवढा मोठा कशाला, सगळी हसतात." आता पोचते की नाही तेही कळत नाही. भाऊबीजेला मी पाट मांडत नाही. आमचे हे म्हणतात, मांड, मोकळा राहिला तरी मांड. मला ते जमत नाही. रेल्वे मैदानावर अजून पोरं भरतीसाठी धावतात. सकाळी दूध आणायला जाताना मी जरा रेंगाळते, एखाद्याची पळण्याची ढब त्याच्यासारखी वाटते, मग तो जवळ येतो आणि कुणी दुसराच असतो.

मला भाऊ हवा आहे. त्यानं जे केलं ते विसरून नव्हे. मी त्या जाळीच्या दारात पुन्हा उभी राहीन, हजारदा राहीन. पण कडी धरलेल्या त्या हातानंच मी त्याला वाढवलं होतं, आणि दार त्याच्यावरच का बंद करावं लागलं ते त्या हाताला अजून कळत नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर त्याची बदली झाली. दारू सोडली असं काका सांगत. मग वर्षभरानं त्यानं पलटणीमार्फत विचारलं, की पोरीला भेटता येईल का. वहिनीनं खूप विचार केला, संरक्षण अधिकारी बाईंना विचारलं, समुपदेशक बाईंना विचारलं, आणि शेवटी पोरीला विचारलं. पोरगी म्हणाली, "काकूंच्या घरी. आन् काकू तिथंच बसल्या पाहिजेत."

ती भेट काकूंच्या पुढच्या खोलीत झाली. मी तिथं नव्हते. काकूंनी नंतर सांगितलं की तो दारात उभा राहून पोरीला म्हणाला, "मी आत येऊ का?" पोरीनं थोडा वेळ घेतला आणि "या" म्हणाली. तो जमिनीवर बसला, तिच्यापासून लांब. "माझं चुकलं," एवढंच म्हणाला आणि तिच्या मनगटाकडं बघत राहिला. मग तिनं त्याला शाळेतलं काहीबाही सांगितलं. आता रजेवर आला की तो दर वेळी काकूंकडं येतो. वहिनी त्याच्याशी नीट बोलते, पण परत जायचं नाव काढत नाही आणि तोही तसा आग्रह धरत नाही. ती म्हणते, "माणूस सुधारला तर चांगलंच हाय. पण मला आता माझ्या खोलीत झोप लागती."

तो सगळ्यांशी बोलतो. आईशी, आबांशी, काका-काकूंशी, आमच्या यांनाही एकदा स्टेशनवर भेटला तर नमस्कार केला. फक्त माझ्याशी नाही.

यंदाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरगी नाचात होती. मी पडद्यामागं मुलींच्या वेण्या घालत होते, काम संपल्यावर मागच्या रांगेत येऊन बसले, आणि पुढं दोन रांगा सोडून तो दिसला. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मानेवरचे केस पांढरे झालेत. एवढे पांढरे की मी आधी ओळखलंच नव्हतं. मी येऊन बसल्याचं त्याला कळलं असावं, कारण त्याची मान ताठ झाली, पण वळली नाही. नाच झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानं सगळ्यांच्या नंतरपर्यंत वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर फाटकाशी तो पोरीबरोबर उभा होता. पोरीनं मला पाहिलं आणि हाक मारली, "आत्या, इकडं ये ना." मी गेले. आमच्यामध्ये चार-पाच पावलांचं अंतर राहील एवढीच गेले. तो पोरीकडं बघत तिला म्हणाला, "आत्याला विचार, गुडघा दुखतोय म्हणत होते, कसा हाय."

कुणी सांगितलं असेल, आईनं किंवा काकूंनी. पोरगी तोंड उघडणार तेवढ्यात मला वाटलं, आता या पोरीनं पुन्हा दोघांच्या मधी उभं राहायचं नाही. मी थेट त्याला म्हटलं, "बरा हाय. जिना चढताना दुखतो."

त्यानं मान हलवली. मग टोपी घातली, पोरीच्या डोक्यावरून हलकेच हात फिरवला, आधी तिच्याकडं विचारल्यासारखं पाहून, आणि मोटारसायकल काढून गावाकडं निघून गेला.

पोरगी माझा हात धरून चालायला लागली. वाटेत म्हणाली, "आत्या, पप्पा तुला घाबरतात का?"

"न्हाई गं," मी म्हटलं.

"मग बोलत का न्हाईत?"

मी म्हटलं, "बोलतील." तिला ते पुरलं. ती नाचात कोण चुकलं ते सांगायला लागली. वहिनीची शिफ्ट सुटायला अजून वेळ होता, म्हणून मी तिला घरी नेलं, जेवायला वाढलं, पायातले घुंगरू सोडवून ठेवले. जेवताना ती खूप बोलत होती. मी ऐकत होते आणि मधूनमधून रस्त्याकडं बघत होते, कारण मोटारसायकल गेली त्या बाजूनं गाड्या येतच होत्या.